सातव्या सकाळचा चमचा

वूच शहरातल्या एका बंद सूतगिरणीत,
जिथे पूर्वी चात्या फिरायच्या,
एक स्वयंपाकघर उभं आहे. भिंती तीन,
चौथीच्या जागी कॅमेरा आणि पंचवीस माणसं.
खिडकीबाहेर कागदी बर्फ.
तो टाकायला शिडीवर रादोमिर, तोंडात सँडविच.

गोष्ट अशी की एक माणूस
रोज त्याच मंगळवारी जागा होतो.
सहा चाळीस. काचेच्या ग्लासात चहा, लिंबाची चकती,
चमचा उजवीकडे.
जिन्यात शेजारीण म्हणते, "आज लवकर?"
मग तो ट्रामखाली सापडतो. किंवा सापडत नाही.
एकदा शेजारणीला लग्नाचं विचारतो, एकदा तिचा कुत्रा पळवतो,
आणि पुन्हा सहा चाळीस,
पहिले पाढे पंचावन्न.

हा मंगळवार जसाच्या तसा ठेवायचा
याचे लुत्सिनाला पैसे मिळतात.
गळ्यात दोरीने बांधलेली पेन्सिल, मांडीवर वही:
चहा काठापासून दोन बोटं खाली.
लिंबात बिया तीन.
पडद्याची एक कडी निसटलेली, ती निसटलेलीच असू दे.
चौतीस दिवस चालला तो मंगळवार.
सेवेरिनच्या हनुवटीवर दाढी करताना कापल्याची खूण,
पहिल्या दिवशी खरी.
पाचव्या दिवशी ती भरून आली.
तेव्हापासून रोज पहाटे लाल रंगाने जखम काढायची,
आणि मेकअपवाली म्हणायची,
अंगाला कुठे कळतं गोष्ट काय चाललीय ते.

एकोणिसाव्या दिवशी फोन थरथरला. तीनदा.
कोटाच्या खिशात, डाव्या कुशीला लागून.
ग्दिनियाहून, भावाचा.
टेक चालू होता.
याला नेहमी कामाच्या वेळीच आठवण येते, ती मनात म्हणाली,
जेवायच्या सुट्टीत करते.

जेवायच्या सुट्टीत फोन वहिनीने उचलला.

दिवे विझलेले. सगळे खाली सूप प्यायला गेलेले.
लुत्सिना त्या माणसाच्या खुर्चीत बसली.
समोर त्याचा चहा, गार.
तिने तो ढवळला, साखर नसताना, बराच वेळ.
प्यायली.
मग उठली, ग्लास पुसला,
नवा चहा दोन बोटं खाली, बिया मोजून तीन.
सगळं जागच्या जागी.
ती डावरी आहे.

सिनेमा चालला.
वसतिगृहांत पोरं रात्री जागवतात:
सातवी सकाळ. थांब. मागे घे. अजून मागे.
चमचा! अरे, डावीकडे!
फळ्यावर वर्तुळं, बाण,
बाणांच्या शेपटीत घुसलेले बाण.
क्राकुफचा एक मुलगा सिद्ध करतो की
पुढच्या कुठल्यातरी फेरीतून कुणीतरी मागे येऊन
त्या खुर्चीत बसून, चहा पिऊन गेलंय,
ज्याला काहीतरी बदलायचं होतं
आणि जमलं नाही.
त्याची मैत्रीण म्हणते, पण जमलं असतं
तर यायची गरजच पडली नसती. मग आलं कोण?
दोघं उजाडेपर्यंत भांडतात,
इतकी खूश की भूक विसरून.
ही गाठ कुणालाच सुटायला नको असते.
सुटली की घरी जावं लागतं.

चर्चेत कुणी विचारलंच तर दिग्दर्शक हसतो,
"आमच्याकडे चुकून काही होत नाही."
तिला मात्र त्याने कधी विचारलं नाही.

फोन उचलला असता तर चमचा उजवीकडे असता.
चमचा उजवीकडे असता
तर हे थिएटर आज निम्मं रिकामं असतं.
आणि भाऊ?
भाऊ तरीही तेवढाच जगला असता,
फक्त अर्धा मिनिट बोलून.
काय बोलून, ते कुठल्याच वहीत नाही.

लुत्सिना शेवटच्या रांगेत, अकराव्यांदा.
सहावी सकाळ संपते. ट्रामची घंटा. काळोख.
दर वेळी इथेच
तिचा डावा हात कोटाच्या खिशात शिरतो.